हिमशिखरांवरील गस्त

लांब पट्ट्या पायांस बांधून बर्फाच्या उतारावरून वाऱ्याच्या वेगाने खाली येणे, यास स्की असे म्हणतात. आपल्या देशात गुलमर्ग, औली अशा मोजक्याच ठिकाणी हा खेळ चालतो. नॉर्वे-स्वीडनकडे मुळात हा खेळ नव्हताच. हिवाळ्यात या गावाहून त्या गावी जाण्याचे ते साधे साधन होते. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील व अमेरिकेतील शहरी मंडळी सुट्टीच्या दिवसांत डोंगर गाठू लागली, आणि जे साधन होते ते हौस बनले. हौसेबरोबर अपघातही आले. भर रस्त्यात कोणाचा पाय मोडला तर चार माणसे धावून येतात. परंतु निर्जन डोंगरावर केवळ मौजेखातर गेलेल्या मनुष्याचा पाय मोडला, तर त्याच्यासाठी धावायचे कोणी? या प्रश्नातून 'स्की-पेट्रोल' म्हणजे बर्फावरील गस्त ही संस्था जन्मास आली.

अमेरिकेतील तिची कथा १९३६ च्या नववर्षाच्या सुमारास सुरू होते. न्यूयॉर्क शहरातील विम्याचा व्यवसाय करणारे चार्ल्स मायनॉट डोल हे गृहस्थ आपली पत्नी व मित्र फ्रँक एडसन दांपत्य यांसह व्हरमाँट प्रांतातील स्टो या गावी सुट्टीकरिता गेले होते. तेथील मॅन्सफील्ड पर्वतावर डोल पडले व त्यांचा घोटा मोडला. जवळ ना डॉक्टर, ना डोली. थंडीत तिष्ठत राहिल्यावर अखेर छपराचा एक पत्रा कोठून तरी पैदा करण्यात आला आणि त्यावर त्यांना निजवून एडसन व इतरांनी ओढत ओढत खाली आणले. मोडलेला पाय पत्र्यावर आदळत असता त्या वाटेवर काय वेदना झाल्या असतील, हे ज्याचे हाड मोडले असेल त्यालाच कळावे.

डोल यांचा पाय बरा होण्यापूर्वीच दुसरा आघात झाला. अवघ्या दोन महिन्यांनी, मॅसॅच्युसेट्स प्रांतातील पिट्सफील्ड येथे, एका शर्यतीत एडसन झाडांवर आदळले व त्यातच त्यांचा अंत झाला. ज्याने आपल्याला डोंगरावरून उतरविले, तोच डोंगरावर गेला! अशा प्रसंगी पुष्कळ लोक तो खेळ सोडून देतात. डोल यांनी खेळ सोडला नाही. अपघात का होतात याचा शोध घेण्याचे काम अंगावर घेतले. न्यूयॉर्कच्या हौशी स्की मंडळाने एक समिती नेमली, डोल तिचे अध्यक्ष झाले, आणि ठिकठिकाणच्या खेळाडूंकडे प्रश्नावली धाडण्यात आली. उत्तरे आली ती सर्वच गोड नव्हती. ही भित्र्यांची उठाठेव आहे, यामुळे आया आपल्या मुलांना खेळावयास पाठविणार नाहीत, अशा आशयाची पत्रेही त्यांत होती. सुरक्षिततेची गोष्ट काढणाऱ्यास भित्रा ठरविण्याची चाल सर्व देशांत सारखीच दिसते.

समितीपुढे नमुना अगदीच नव्हता असे नाही. स्वित्झर्लंडमधील दाव्होसजवळच्या पार्सेन उतारांवर पगारी गस्त ठेवण्याची व्यवस्था झाली होती, आणि खुद्द स्टो येथेही स्थानिक मंडळींनी आपले लहानसे पथक उभारले होते. मार्च १९३८ मध्ये स्टो येथे राष्ट्रीय शर्यती झाल्या, तेव्हा डोल यांच्या पथकाने चोख बंदोबस्त ठेवला. तो पाहून राष्ट्रीय स्की संघाचे अध्यक्ष रॉजर लँग्ली यांनी सर्व देशाकरिता अशीच संघटना उभारण्याची त्यांना विनंती केली. 'नॅशनल स्की पेट्रोल' या संस्थेची स्थापना ती हीच. तिचे सभासद बहुतेक हौशी स्वयंसेवक होते. आठवडाभर कचेरी अथवा दुकान सांभाळायचे, आणि रविवारी स्वतःच्या खर्चाने डोंगरावर जाऊन परक्यांची मोडलेली हाडे बांधायची, असा त्यांचा परिपाठ असे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे; कारण दुरून पाहणाऱ्यास लाल अंगरख्यावर पांढरा क्रूस लावून मजेत हिंडणारी मंडळी एवढेच दिसते. दिवस उजाडण्यापूर्वीच ही माणसे वर जातात. रात्री किती बर्फ पडले, वारा कोणत्या दिशेने वाहिला, कोणत्या कड्यावर बर्फाचा थर फुगला आहे, याची पाहणी होते. दगड अथवा झाडाचा बुंधा उघडा पडला असेल तेथे बांबू रोवतात, धोक्याच्या जागा दोर लावून बंद करतात. पाहुणे येऊ लागले की अपघाताच्या वर्दीची वाट पाहणे सुरू. कोणी पडले तर त्याच्या वरच्या बाजूस दोन स्की फुलीसारख्या उभ्या रोवतात. ती खूण दिसली की वरून येणारा सावध होतो व मदत आणणाऱ्यासही जागा कळते. मग घसरगाडी येते. हिचा एक प्रकार उत्तरेकडील लॅप लोकांच्या होडीसारख्या गाडीवरून घेतलेला आहे. जखमीस फळ्या बांधून, घोंगड्यात गुंडाळून गाडीत निजवितात. पाय मोडला असेल तर पाय चढाच्या बाजूस राहतील असे पाहतात. पुढच्या दोन दांड्यांमध्ये एक गडी उभा राहतो, वेळप्रसंगी मागील दोर दुसरा धरतो, आणि ते ओझे तीव्र उतारावरून सावरीत खाली आणतात. आडदांड वेगाने स्की करता येणे निराळे आणि पाठीशी विव्हळणारा मनुष्य असता हळू येणे निराळे. दुसरी विद्या पहिलीहून कठीण आहे.

सायंकाळी पाळणे थांबले की शेवटचे काम उरते. गस्तवाले डोंगरमाथ्यावर जमतात आणि प्रत्येक वाट वाटून घेऊन, हाका मारीत, झाडीत डोकावत खाली येतात. जणू डोंगर झाडून काढतात. कोणी मागे राहिले नाही याची खात्री झाल्यावरच त्यांचा दिवस संपतो.

संस्था जेमतेम दोन वर्षांची होते न होते तोच युद्धाचे ढग जमले. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडच्या स्कीवरील सैनिकांनी बलाढ्य रशियन सैन्यास कसे जेरीस आणले, हे जगाने पाहिले होते. अमेरिकेकडे असे एकही पथक नव्हते. डोल यांनी सेनापती जॉर्ज मार्शल यांच्यापर्यंत धडक मारून ही उणीव पटविली. नोव्हेंबर १९४१ मध्ये पहिले पर्वतीय पायदळ उभे राहिले आणि त्याकरिता माणसे निवडण्याचे काम लष्कराने चक्क या खाजगी संस्थेवर सोपविले. उमेदवाराने तीन शिफारसपत्रे आणावीत असा नियम होता! त्यातून पुढे दहावी पर्वतीय डिव्हिजन बनली. कोलोराडोतील कॅम्प हेल येथे, सुमारे ९,२०० फूट उंचीवर, तिची तालीम झाली.

इटलीत ही डिव्हिजन उतरली ती जानेवारी १९४५ मध्ये, आणि नवल असे की तेथे स्कींचा उपयोग फारसा झालाच नाही. १८ फेब्रुवारीच्या रात्री तिचे सैनिक रिव्हा कड्यावर पायी व दोरांच्या आधाराने चढले आणि गाफील जर्मनांवर तुटून पडले. त्याच इटलीच्या रणांगणावर महाराष्ट्राचे जवानही लढत होते. एप्रिलमधील अखेरच्या चढाईत, ९ तारखेस, सेनिओ नदीवर मराठा पलटणीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. पाच दिवसांनी पश्चिमेकडे दहाव्या डिव्हिजनने हल्ला चढविला. काही महिन्यांच्याच लढाईत या डिव्हिजनचे सुमारे एक हजार सैनिक कामास आले. रविवारी परक्यांचे पाय बांधणारे कित्येक त्यांत असतील.

जे परतले ते पुन्हा डोंगराकडे वळले. त्यांपैकी माँटगोमेरी ॲटवॉटर हे युटा प्रांतातील आल्टा येथे वनखात्याच्या नोकरीत आले. आल्टा हे जुने चांदीच्या खाणींचे गाव. खाणींसाठी झाडे तोडल्याने उतार उघडे पडले आणि हिमप्रपातांनी एकोणिसाव्या शतकात तेथे अनेक बळी घेतले. साचलेले बर्फ माणसांवर कोसळण्याआधी माणसांनीच ते पाडावे, हा विचार ॲटवॉटर यांनी शास्त्रशुद्ध केला. सुरुंग तर त्यांनी वापरलेच. परंतु १९४९ मध्ये फ्रेंच बनावटीची ७५ मिलिमीटरची तोफ आणून डोंगरावर गोळे डागण्यात आले. शत्रूसाठी ओतलेली तोफ बर्फावर चालली. आजही अनेक ठिकाणी गस्तवाले पहाटे सुरुंग घेऊन कड्यांवर जातात, आणि त्या कामात अधूनमधून त्यांचाच बळी पडतो. बर्फाखाली गाडलेल्यास पहिल्या दहा मिनिटांत काढले तर तो बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. म्हणून हाती यंत्र व काठी घेऊन सर्वांत जवळ असणारा मनुष्यच खरा उपयोगी.

दुसरे परतलेले सैनिक पीट सीबर्ट. इटलीत ते इतके जबर जखमी झाले की पुन्हा स्की करतील असे डॉक्टरांना वाटले नाही. तरी १९४६ मध्ये ते ॲस्पेन येथे गस्तीत दाखल झाले, आणि १९६२ च्या डिसेंबरात त्यांनी व सहकाऱ्यांनी कोलोराडोत व्हेल हे क्रीडास्थान उघडले. एका गस्तवाल्याच्या स्वप्नातून निघालेले हे ठिकाण पुढे अनेक हातांतून गेले व एका प्रचंड कंपनीचे नाव बनले.

स्वयंसेवकांची संस्थाही वाढली. १९८० मध्ये अमेरिकन काँग्रेसने तिला सनद दिली. आज तिचे सभासद तीस हजारांच्या घरात आहेत. परंतु पश्चिमेकडील मोठ्या डोंगरांवर हे काम पगारी झाले आहे, आणि तेथे जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. धावून जाणाऱ्याचे मोल काय? त्याच व्हेल कंपनीच्या मालकीच्या, युटातील पार्क सिटी येथे सुमारे दोनशे गस्तवाल्यांनी २७ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळच्या गर्दीत, संप पुकारला. नवख्यास तासाला २१ डॉलर मिळत, ते २३ व्हावेत ही त्यांची मुख्य मागणी होती. लोकांनी महागडी तिकिटे काढली होती, बर्फही पुरेसे होते. परंतु उतार तपासावयास माणसे नसल्याने डोंगराचा मोठा भाग बंद राहिला आणि चालू पाळण्यांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. तेराव्या दिवशी, ८ जानेवारी २०२५ रोजी, करार मंजूर झाला. दोन डॉलर मिळाले, जुन्याजाणत्यांना त्याहून अधिक. आणि गस्तवाले पुन्हा डोंगरावर गेले.