आधी पिन मार!

साताऱ्याला आमच्या आत्याकडे एक पितळी स्टोव्ह होता. तो फुरफुरायला लागला की मी मोठ्या उत्साहानं पंप मारत सुटायचो. मग आतून आत्याचा आवाज यायचा, "अरे, पंप काय मारत बसलायस? आधी पिन मार!" निपलचं भोक काजळीनं बुजलेलं असलं तर टाकीत कितीही हवा भरा, रॉकेल वर येत नाही. आत्या शाळेत सातवीपर्यंतच गेली होती, पण तिचं निदान कधी चुकलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत ही आत्या मला आठवली ती डेन्व्हरजवळच्या एका गॅरेजमध्ये. आमच्या शेजाऱ्याकडे स्नोमोबाईल आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा पण रबरी पट्टा, आणि मधे एक मोटरसायकलचं म्हणता येईल असं इंजिन. त्याला ह्या पठ्ठ्यानं बाहेरून विकत घेतलेला टर्बो बसवलाय. गॅरेजमध्ये गाडी मस्त चालायची. डोंगरावर साडेनऊ हजार फुटांवर नेऊन पूर्ण थ्रॉटल दिला की ठो ठो करायची आणि दम टाकायची. परत आणली की पुन्हा शहाण्यासारखी! आमच्या धंद्यात ह्याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं म्हणतात :-)

त्याला मदत करायच्या निमित्तानं मी थोडं वाचायला लागलो आणि नेहमीप्रमाणे वाहवत गेलो. आजचा लेख त्याचाच.

सुरुवात बर्फापासून करू. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वाल्कूर नावाच्या गावात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा गॅरेजवाला राहायचा. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं. आतल्या आत पू पसरला होता. हॉस्पिटल होतं, पण रस्ते बर्फानं बंद. मुलगा गेला. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग बोंबार्डिए त्याच्या आधीपासून करत होता, पण त्यानंतर तो त्याचा छंद राहिला नाही. १९३७ मध्ये त्याला दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी त्याची बी-७ गाडी विकली जायला लागली. एकट्यादुकट्यानं चालवायची छोटी 'स्की-डू' आली ती १९५९ मध्ये. म्हणजे ही गाडी आज मौजमजेची वाटली तरी तिचा जन्म मौजेतून झालेला नाही. आणि भर बर्फात ती बंद पडणं ही आजही मौजेची गोष्ट नाही.

आता टर्बोकडे. पेट्रोल इंजिनाला एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त झाली की मिश्रण 'लीन', पेट्रोल जास्त झालं की 'रिच'. रिच झालं तर इंजिन धूर काढतं, जड चालतं, प्लग काळे होतात. चिडचिड होते, पण निभतं. जोरात पळणारं इंजिन लीन झालं तर मात्र आतली उष्णता वाढते, मिश्रण वेळेआधी भडकतं आणि पिस्टनला चक्क भोक पडू शकतं.

समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांवर हवेचा दाब खालच्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत येतो. इंजिनाची ताकदही त्याच बेतानं गळते. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या स्नोमोबाईलमध्ये दुहेरी पंचाईत असायची: उंचावर विरळ हवेमुळे मिश्रण रिच व्हायचं, आणि कडाक्याच्या थंडीत हवा दाट झाल्यामुळे लीन. म्हणून गाडीवरच एक तक्ता चिकटवलेला असायचा, इतकी उंची आणि इतकं तापमान असेल तर अमुक नंबरचा जेट लावा. जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा. आत्याच्या निपलचा सख्खा भाऊ.

विरळ हवेवरचा उपाय मात्र स्नोमोबाईलच्या आधीचा. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं इंजिनात हवा कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये पेटंट केली. पहिल्या महायुद्धात विमानं जितकी उंच जायला लागली तितकी त्यांची इंजिनं धापा टाकायला लागली, तेव्हा अमेरिकेत हे काम जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसकडे आलं.

मॉसला विरळ हवा हवी होती. ती मिळते डोंगरावर! १९१८ मध्ये त्यानं लिबर्टी जातीचं बारा सिलिंडरचं विमानाचं इंजिन एका ट्रकवर चढवलं आणि थेट पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं. हा डोंगर १४,१०० फुटांहून उंच, आमच्या कोलोरॅडोतलाच. आता लोक गाडीनं वर जातात, डोनट खातात, फोटो काढतात आणि डोकं दुखतं म्हणून खाली येतात. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन माथ्यावर टर्बोशिवाय २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६! डोंगर चढून इंजिन खालच्यापेक्षा जास्त ताकद द्यायला लागलं.

दोन वर्षांनी, २७ फेब्रुवारी १९२० ला, मेजर रुडॉल्फ श्रोडर असाच टर्बो लावलेलं विमान घेऊन ३३,००० फुटांच्या वर गेला. तो त्या वेळचा विक्रम होता. पण तिथं त्याचा स्वतःचा ऑक्सिजन बंद पडला, डोळे गोठले आणि बेशुद्धावस्थेत विमान कित्येक मैल खाली कोसळत आलं. जमीन जवळ आल्यावर तो कसाबसा सावरला आणि जवळजवळ आंधळ्यासारखा उतरला. इंजिनाला हवा पुरली, माणसाला पुरली नाही.

इथपर्यंत वाचल्यावर मला वाटलं, चला, प्रश्न सुटला. पण नाही. हवा कोंबणं हा अर्धाच भाग. कोंबलेल्या प्रत्येक घोटाबरोबर तितकंच पेट्रोल वेळेवर पोहोचलं पाहिजे, आणि खरा घोळ तिथून पुढचा आहे.

१९४० मधली ब्रिटिश लढाऊ विमानं, स्पिटफायर आणि हरिकेन, घ्या. दोन्हींत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन. त्याला टर्बो नव्हता, गिअरवर फिरणारा त्याचा भाऊ, सुपरचार्जर होता. हवा भरपूर. पण वैमानिकानं झटकन नाक खाली घातलं की इंजिन गचका खायचं. कारण कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उसळून वर जायचं. आधी क्षणभर इंजिन उपाशी, मग फ्लोटची फसगत होऊन झडप सताड उघडी, पंप पेट्रोल ओततोय, आणि मिश्रण इतकं रिच की काळा धूर सोडून इंजिन गुदमरतंय. समोरच्या जर्मन मेसरश्मिटमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, त्याला हा आजार नव्हता. तो नाक खाली घालून निसटायचा, आणि मागे लागलेल्या ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटं करून मग सूर मारावा लागायचा. तेवढ्यात शत्रू पसार.

ह्यावर तोडगा काढला फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतल्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग ह्या बाईंनी. बाई स्वतः मोटरसायकल रेसर. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर १९३४ मध्ये ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारून त्यांनी गोल्ड स्टार मिळवला होता. त्यांचा विचार सरळ होता: पूर्ण ताकदीला लागतं तेवढंच पेट्रोल आत जाऊ दे, जास्त जाऊच नये. म्हणून पेट्रोलच्या नळीत मधोमध भोक असलेला एक पितळी तुकडा. बस्स. नवं इंजिन नको, विमान कारखान्यात परत न्यायला नको. १९४१ च्या मार्चपर्यंत बाई आपली छोटी टीम घेऊन तळातळावर जाऊन तो बसवत होत्या. आजार मुळापासून गेला नाही, त्यासाठी पुढे वेगळ्या जातीचे कार्ब्युरेटर आले. पण तोवर माणसं मरायची थांबणार नव्हती. रविवारी रात्री प्रॉडक्शनवर पॅच टाकलेल्या कुणालाही ह्या बाईंबद्दल आदर वाटेल.

उलट उदाहरण शांततेच्या काळातलं. १९६२ मध्ये ओल्ड्समोबाईलनं 'जेटफायर' नावाची टर्बोवाली मोटार काढली. तिचं इंजिन आतून फुटू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून सोडलं जायचं. हिशेब अगदी चोख. फक्त ती टाकी मालकानं भरायची होती! लोक विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी टर्बोचा दाब आपणहून कमी करायची, आणि मालक म्हणायचा गाडीत दम नाही. पुढे कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला. मोटार दोन वर्षांत बंद.

स्नोमोबाईलवाल्यांनी हे सगळे धडे आपापल्या गॅरेजमध्ये, आपापले पिस्टन वितळवून पुन्हा गिरवले. कंपन्यांनीही हळूहळू हात घातला. आर्क्टिक कॅटनं २००४ च्या मॉडेलात चार-स्ट्रोक इंजिनाला टर्बो दिला. दोन-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो लावून येणारी पहिली गाडी म्हणजे २०२० ची स्की-डू समिट. म्हणजे ब्यूखीच्या पेटंटनंतर तब्बल ११५ वर्षांनी. मधल्या काळात हवा कोंबणं कुणालाच अवघड नव्हतं. अवघड होतं ते क्षणाक्षणाला पेट्रोलचं माप ठरवणं, आणि ते जमलं सेन्सर, कॉम्प्युटर आणि इंजेक्टर स्वस्त झाल्यावर.

आता आमच्या शेजाऱ्याचं गॅरेज. त्यानं आधी काय केलं असेल? टर्बोचा दाब वाढवला! म्हणजे पंप मारला. मग फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप बदलला, टाकीत पाणी जाऊन बर्फ झालाय का ते पाहिलं. काही नाही. मी म्हटलं, एकेक गोष्ट बदलून बघण्यापेक्षा लॉग बघू. डोंगरावरच्या लॉगमध्ये पूर्ण थ्रॉटलला मिश्रण १२ ला हवं तिथं १३.३ ला जात होतं. म्हणजे पेट्रोल सुमारे दहा टक्के कमी.

दहाच टक्के का? कागदावर मांडलं. इंजेक्टरमागे पेट्रोलचा दाब चौरस इंचाला ४३.५ पौंड. टर्बो ८ पौंडांनी हवा कोंबतो, म्हणजे इंजेक्टरच्या तोंडाशी ८ पौंडांचा विरोध. म्हणून पेट्रोलचा दाबही ८ नं वाढायला हवा. हे काम रेग्युलेटर करतो, आणि त्याला टर्बोचा दाब कळतो तो एका बोटभर रबरी नळीतून. ती नळी गळत असेल तर फरक उरतो ३५.५. प्रवाह दाबाच्या वर्गमुळानं बदलतो. ३५.५ भागिले ४३.५, त्याचं वर्गमूळ: ०.९०. दहा टक्के!

नळी काढली. टोकाशी केसाएवढी चीर. गॅरेजच्या उबेत रबर मऊ होऊन ती मिटायची, वर उणे पंधरा अंशात रबर कडक झालं की उघडायची. नळी बदलली, दोन्ही टोकांना क्लिप लावल्या. पुढच्या शनिवारी तो वर जाऊन आला, १२ च्या आसपास लॉग घेऊन.

जुनी नळी त्यानं फेकली नाही, गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवली आहे. आणखी दोनचार शनिवार ती तशीच राहिली असती, तर डोंगरावर, अंधार पडता पडता, माणसांपासून दहा मैलांवर पिस्टनला भोक पडलं असतं. तो हे हसत सांगतो. त्याची बायको हसत नाही.

मी त्याला आत्याच्या स्टोव्हबद्दल सांगितलं. त्याला स्टोव्ह काय ते कळायला वेळ लागला, पण पिन लगेच कळली.