ऐकू येतं, पण कळत नाही: कारखान्यातला आवाज की वय?

सांगवीत पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणारी आणि तिथूनच निवृत्त झालेली अनेक कुटुंबं राहतात. घरात टीव्हीचा आवाज वाढत गेला, ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येऊ लागलं, की घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ हे निदान बऱ्याचदा अर्धंच खरं असतं.

आवाजाने नेमकं काय होतं?

कानाच्या आतल्या भागात शंखासारखी नळी असते. तिथल्या सूक्ष्म केसपेशी ध्वनीचं रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संकेतांत करतात. प्रत्येक कानात त्या साधारण १५ हजार असतात आणि मेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही. प्रेस शॉप, फोर्जिंग, ग्राइंडिंगच्या आवाजाचा पहिला फटका ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या. त्यामुळे आवाज येतो, शब्द निसटतो. ‘मला ऐकू येतंय, तुम्हीच नीट बोला’ ही आजोबांची तक्रार म्हणूनच खोटी नसते.

फरक ओळखता येतो का?

येतो, पण वेळेत तपासलं तर. श्रवणचाचणीच्या आलेखात, म्हणजे ऑडिओग्रॅममध्ये, आवाजामुळे झालेली हानी ४,००० हर्ट्झजवळ खड्ड्यासारखी दिसते आणि ८,००० ला रेषा पुन्हा वर येते. वयामुळे होणारी हानी वरच्या पट्टीकडे सतत उतरत जाते. उतारवयात ८,००० ची बाजूही खचते आणि खड्डा ओळखू येईनासा होतो. म्हणून नोकरीला लागतानाचा आणि त्यानंतरचा प्रत्येक रिपोर्ट जपून ठेवायला हवा. आवाजामुळे आलेला बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. कर्मचारी राज्य विम्यातही तो व्यावसायिक आजार मानला जातो. पण दावा करताना कागद लागतो, आणि तो साठीनंतर नव्याने तयार होत नाही.

८ तासांसाठी ९० डेसिबल ही भारतातली मर्यादा आहे. धोका त्याआधीच, ८५ च्या आसपास सुरू होतो. हातभर अंतरावरच्या सहकाऱ्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज तेवढा आहे, असं समजावं. फोमचा इअरप्लग बारीक वळून पूर्ण आत घालावा लागतो. नुसता टेकवला तर उपयोग फारच कमी.

इतर वयात काय पाहायचं?

बाळाचं बोलणं ऐकण्यातूनच येतं. म्हणून तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. चाचणी झोपेत होते, दुखत नाही. ‘याचा बाप पण उशिराच बोलला’ म्हणत वाट पाहण्यात मोलाचे महिने जातात. शाळकरी मुलांत वारंवारच्या सर्दीने पडद्यामागे पाणी साचतं आणि मूल ‘लक्ष देत नाही’ असं ठरतं. तरुणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. दिवसभर मशीनजवळ आणि बसमध्ये इअरफोन, असं असेल तर दोन्ही भार एकाच कानावर पडतात.

तपासणीसाठी सांगवी फाट्याजवळचं औंध जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीतलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ आहेत. डॉक्टरांना कोणत्या खात्यात किती वर्षं काम केलं, हे आपणहून सांगावं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये. त्याच दिवशी दाखवावं, कारण उपचाराला उशीर झाला की ऐकू परत येण्याची शक्यता कमी होत जाते.