वापरलेली ‘आरएस’ : किमतीच्या पलीकडचा हिशेब

जुनी वेगवान गाडी घ्यायला निघालेला माणूस विकणाऱ्याला सहसा तीन प्रश्न विचारतो. किती चालली आहे, ॲव्हरेज किती देते आणि शेवटचे काय द्याल. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण पुढच्या चार-पाच वर्षांत गाडीवर किती पैसा जाणार याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते हवे असेल तर कोणता खर्च कशामुळे वाढतो हे आधी ठरवावे लागते. काही खर्च किलोमीटरबरोबर वाढतो, काही कॅलेंडरबरोबर, काही चालवणाऱ्याच्या पायाबरोबर. काही खर्च मात्र आधीच्या मालकाने न केल्यामुळे उरलेला असतो. हा शेवटचा प्रकार जाहिरातीत कुठेच दिसत नाही आणि आरसी नावावर होताच तो नव्या मालकाचा होतो. माझ्या मते सगळ्या हिशेबाची किल्ली तिथे आहे.

विवेचनासाठी एक ठरावीक गाडी घेऊ : स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस २३०. ही २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २४.६२ लाख रुपये होती. १९८४ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस शक्ती, ३५० न्यूटनमीटर टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. २०२० मध्ये तिची थोरली बहीण आरएस २४५ आली. तिच्या २०० गाड्या आयात झाल्या आणि किंमत होती ३५.९९ लाख. २०२५ मध्ये आलेल्या नव्या आरएसची किंमत ४९.९९ लाखांवर गेली. साध्या ऑक्टेव्हियाची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात होत असे. त्यामुळे तिची रचना ओळखणारे मेकॅनिक महाराष्ट्रात बऱ्यापैकी सापडतात. आरएसचे इंजिन ‘ईए८८८’ या कुळातले आहे आणि साध्या १.८ टीएसआय ऑक्टेव्हियाचेही कूळ तेच. आयात होऊन आलेल्या एखाद-दुसऱ्या दुर्मिळ गाडीपेक्षा आरएस सांभाळणे सोपे जाते, ते यामुळेच.

आता पहिला सिद्धान्त. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. ब्रेक डिस्कला, टर्बोला किंवा हेडलॅम्पला आपला मालक कितवा आहे हे ठाऊक नसते. त्यांचा दर नव्या गाडीच्या वर्गाप्रमाणे ठरतो आणि चलनवाढीबरोबर चढत जातो. अशा गाडीचे मोठे बिल पाहून लोक ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ म्हणतात, पण ही कोंबडी मुळात चार आण्यांची नव्हतीच. स्कोडाचीच २०११ मधली लॉरा आरएस आज एखाद्या नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळते, म्हणून तिच्या टायमिंग चेनचे काम हॅचबॅकच्या दरात होत नाही.

किलोमीटरबरोबर वाढणाऱ्या खर्चात इंजिन ऑइल पहिले. कंपनीचे वेळापत्रक १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांत जे आधी येईल ते. इथे किलोमीटर हे माप फसवे ठरते, कारण ऑइल झिजते ते चालण्याच्या तासांनी आणि उष्णतेने. ताशी सरासरी ६० किलोमीटरने महामार्गावर १५,००० किलोमीटर काटणारे इंजिन २५० तास फिरते. हिंजवडी किंवा अंधेरीच्या गर्दीत सरासरी २०ने तेवढेच अंतर कापणारे इंजिन ७५० तास फिरते. मीटरवर आकडा एकच, ऑइलने सोसलेले काम तिप्पट. त्यात थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे इंजिन रोज पाच-सात किलोमीटरच चालले, तर न जळलेल्या पेट्रोलचा काही अंश ऑइलमध्ये उतरून ते पातळ होते. म्हणून शहरी आरएसचे ऑइल ७,५०० ते १०,००० किलोमीटरला बदलावे हे माझे ठाम मत आहे. साडेपाच-सहा लिटर ऑइल आणि एक फिल्टर यांच्या खर्चात टर्बोच्या बेअरिंगचे आयुष्य वाढत असेल, तर तो सौदा चांगलाच म्हणायचा.

त्याहून महत्त्वाचा विषय डीएसजीचा, आणि त्याबद्दल बाजारात सर्वांत जास्त गैरसमज आहे. ‘डीएसजीला ऑइल बदलावे लागत नाही’ असे एजंट सर्रास सांगतात. १.४ आणि १.८ टीएसआय गाड्यांतल्या सात गिअरच्या डीक्यू२०० बाबत ते एका अर्थी खरे आहे, कारण त्याचे क्लच कोरडे असतात आणि वेळापत्रकात ऑइल बदल नसतो. आरएस २३० मध्ये मात्र डीक्यू२५० आहे. याचे दोन्ही क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात. एकच ऑइल गिअरचे दाते ओले ठेवते, क्लचची उष्णता वाहून नेते आणि मेकॅट्रॉनिक या नियंत्रण-संचाच्या बारीक झडपांतून दाब देऊन गिअर बदलवते. क्लचच्या अस्तराची झीज याच ऑइलमध्ये उतरते आणि फिरत फिरत त्या झडपांपर्यंत पोचते. म्हणून दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर, दोन्ही बदलायचे असतात.

हे काम कसे होते ते जवळून पाहण्याजोगे आहे. गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट काढला की थोडेच ऑइल येते, कारण त्याच भोकात आत एक प्लास्टिकची उभी नळी असते. ती पातळी मोजणारी नळी. ती ॲलन कीने सोडवली की खरे ऑइल वाहू लागते. नवे फिल्टर बसवून, नळी परत लावून ऑइल भरतात, मग इंजिन चालू ठेवून ऑइलचे तापमान ३५ ते ४५ अंशांत आल्यावर नळीतून वाहणारे जादा ऑइल गळू देतात आणि धार थेंबांवर आली की बोल्ट बंद करतात. हे तापमान डायग्नोस्टिक यंत्रावरच दिसते. ज्या गॅरेजात ते न लावता, हात लावून ‘गरम झालं’ म्हणत बोल्ट आवळला जातो, तिथे पातळी चुकते. जुन्या बिलात डीएसजी ऑइल पाच लिटरांच्या वर लागलेले आणि फिल्टरची वेगळी ओळ दिसली, तर काम नीट झाले असण्याची शक्यता मोठी. नुसते ‘डीएसजी सर्व्हिस’ लिहिलेले असेल तर ते झाले नाही असेच धरावे.

टायर आणि ब्रेक यांची झीज किलोमीटर आणि पाय दोघे मिळून ठरवतात. साडेतीनशे न्यूटनमीटर टॉर्क पुढच्या दोन चाकांतून जात असल्याने पुढचे टायर आधी संपतात. पातळ भिंतीचे टायर खड्ड्यात आपटले की आतले धागे तुटून भिंतीला फुगा येतो आणि त्यावर दुरुस्ती नाही. टायरवरचा चार आकडी कोड वाचायची सवय लावावी. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असूनही सहा वर्षांचा टायर पावसात वेगवान गाडीवर मी ठेवणार नाही. ब्रेक डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, आणि कडेला नखाने चाचपडून लागणारा उंचवटा झीज किती झाली ते सांगतो.

ब्रेक फ्लुइडचा संबंध थेट कॅलेंडरशी आहे. ते हवेतली ओल शोषते. कोरडे डॉट-४ फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या फ्लुइडसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणातले दोन पावसाळे काढलेली गाडी आंबोली किंवा वरंध घाट सलग ब्रेक दाबत उतरली, तर फ्लुइडमध्ये वाफ धरते आणि पेडल मऊ होत खाली जाते. दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायला लागणारे पैसे गाडीच्या सगळ्या खर्चात नगण्य आहेत, तरी सर्वांत जास्त टाळले जाणारे काम हेच.

अचानक उद्भवणाऱ्या खर्चातही काही गोष्टी पुष्कळशा अपेक्षित असतात. ईए८८८ च्या तिसऱ्या पिढीत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांचे एकत्र प्लास्टिकचे घर इनटेक मॅनिफोल्डखाली, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तापण्या-निवण्याच्या चक्रांत ते किंचित वाकते आणि कूलंट झिरपू लागतो. टाकीतली पातळी महिन्याला थोडी थोडी उतरते, बॉनेट उघडल्यावर गोडसर वास येतो आणि टॉर्च मारला तर गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला वाळलेल्या गुलाबी कूलंटची पापडी दिसते. ही पापडी दिसूनही नुसते पाणी ओतत राहिलेल्या मालकाची गाडी घेणे मला धोक्याचे वाटते, कारण पंप बदलता येतो, पण जास्त तापलेल्या हेडची शाश्वती देता येत नाही.

रीमॅपचा प्रश्न याहून नाजूक आहे. सॉफ्टवेअर बदलून या इंजिनातून तीनशेच्या आसपास पीएस काढणे सोपे आहे, आणि आपल्याकडच्या अनेक आरएस त्या वाटेने गेल्या आहेत. डीक्यू२५० ची क्षमता सुरुवातीला ३५० न्यूटनमीटर सांगितली जात होती, आणि आरएस २३० कारखान्यातूनच तेवढा टॉर्क घेऊन येते. याच गिअरबॉक्सवर ३८० न्यूटनमीटरचे डिझेल इंजिनही बसवले गेले, म्हणजे थोडी जागा आहे. पण रीमॅप केलेली गाडी ती जागा रोज वापरते. विकण्यापूर्वी मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी बदललेला एअर इनटेक, नवा डाउनपाइप, अकाली बदललेले क्लच यांच्या खुणा राहतात. जोडीला डायग्नोस्टिक यंत्राने वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमध्ये फॉल्ट कोडसोबत नोंदलेले किलोमीटर तपासावेत. मीटर मागे घेणारा प्रत्येक युनिटपर्यंत पोचलेला असतोच असे नाही.

आता आकडे मांडू. खालचे दर उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. वर्षाला रनिंग १०,००० किलोमीटर, ॲव्हरेज १०, पेट्रोल १०४ रुपये : १,०४,००० रुपये. नेहमीचे सर्व्हिसिंग २०,०००. डीएसजीचे २५,००० रुपये ६०,००० किलोमीटरवर वाटले तर वर्षाला ४,२००. टायरचा ७०,०००चा संच ३५,००० किलोमीटर चालला तर २०,०००. ब्रेक १५,०००, प्लग, फ्लुइड, बॅटरी वगैरे १०,०००, विमा ५०,००० आणि अचानक निघणाऱ्या कामांसाठी राखीव ६०,०००. बेरीज २,८३,२००, म्हणजे किलोमीटरला सुमारे २८ रुपये. यात पेट्रोलचा वाटा एक-तृतीयांशाहून थोडा जास्त आहे. ॲव्हरेज १० वरून ११ वर नेले तरी वर्षाला साडेनऊ हजारच वाचतात. ज्या प्रश्नाने बोलणे सुरू होते, त्याचे वजन इतके कमी आहे.

हीच गाडी वर्षाला ४,००० किलोमीटरच चालवली तर एकूण खर्च १,९७,००० च्या घरात येतो, पण किलोमीटरमागे तो ४९ रुपयांवर जातो. विमा, वार्षिक सर्व्हिस, फ्लुइड आणि राखीव रक्कम यांना गाडी उभी आहे की चालते आहे याने फरक पडत नाही. ‘रविवारचीच गाडी, खर्च कितीसा येणार’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. रविवारची गाडी ठेवायला माझा विरोध नाही, फक्त तिचा दर किलोमीटरमागे न काढता महिन्यामागे काढावा.

विम्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. १५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ पासून ७,८९७ रुपये आहे, तो मोठा प्रश्न नाही. पाच वर्षांनंतर गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि हप्ता कमी दिसावा म्हणून ती खाली ओढली जाते. आरएससारख्या मोजक्याच आलेल्या गाडीचा बाजारभाव तितका पडलेला नसतो. समजा बाजारात १८ लाख मिळणाऱ्या गाडीची आयडीव्ही ९ लाख लावली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. इथे ती रेषा पावणेसात लाखांवर येते. एअरबॅग उघडल्या, दोन्ही हेडलॅम्प, रेडिएटर आणि बॉनेट गेले, तर आजच्या दराने ती रेषा दूर राहत नाही. दुरुस्त होण्याजोगी गाडी हातची जाते आणि ९ लाखांत तशी दुसरी मिळत नाही. झीरो डेप्रिसिएशनचे संरक्षणही जुन्या गाडीला मिळणे अवघड होत जाते. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी रक्कम मालकाची. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, हेही सौद्याच्या वेळी ध्यानात असू द्यावे. हप्त्यातले आठ-दहा हजार वाचवण्यापेक्षा आयडीव्ही बाजारभावाजवळ ठेवणे मला केव्हाही शहाणपणाचे वाटते.

उरला प्रश्न आधीच्या मालकाने ठेवलेल्या बाकीचा. समोर दोन गाड्या आहेत असे धरू. पहिली ६२,००० किलोमीटर चाललेली, प्रत्येक सर्व्हिसचे बिल, डीएसजी ऑइल वेळेवर, टायर गेल्या वर्षीचे, मागणी १९ लाख. दुसरी ७०,००० चाललेली, ४०,००० पर्यंतचे रेकॉर्ड, पुढचे नाही, मागणी सव्वासतरा. दुसरी पावणेदोन लाखांनी स्वस्त दिसते. तिची बाकी मांडा : डीएसजी ऑइल आणि फिल्टर २५,०००, प्लग आणि कॉइल २०,०००, ब्रेक ६०,०००, जुने झालेले टायर ७०,०००, झिरपणारा पंप ५०,०००. झाले सव्वादोन लाख. म्हणजे दुसऱ्या गाडीचा न्याय्य भाव पावणेसतरा लाख किंवा त्याखाली, आणि तोही एका चाचणीनंतर. अर्धा तास चालवून गाडी पूर्ण गरम करावी, मग चढावर, पुढच्या वाहनामागे रांगत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये न्यावी. क्लच जुळताना आसनात थरथर जाणवली किंवा रिव्हर्सला टाकल्यावर धक्का बसला, तर नव्या ऑइलने ते जाईल या भरवशावर राहू नये. क्लच पॅक आणि मेकॅट्रॉनिक यांचा अंदाज लेखी घ्यावा, तो पावणेसतरा लाखांतून वजा करावा आणि उरलेल्या रकमेला विकणारा तयार नसेल तर पहिल्या गाडीच्या मालकाला फोन करावा.