लाल चेंडू, बंद छप्पर

जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढा. 1981 सालचा जानेवारी आहे, आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर नॅसॉ कॉलिसियमचा पार्किंग लॉट संपता संपत नाही. वारा कानांना चावतोय. काचेचं दार ढकला. मोहरीच्या चटणीचा, गरम सॉसेजचा, पॉपकॉर्नच्या लोण्याचा आणि सांडलेल्या बियरचा वास एकदम अंगावर येतो. शेजारून दहा-बारा वर्षांची पोरं शिट्ट्या मारत पायऱ्या उतरतायत. त्यांच्या मागून चला, पार खालच्या कठड्यापर्यंत.

एरवी इथे आइस हॉकी खेळतात, आज फुटबॉल आहे. बर्फ अजून तिथेच आहे, फक्त झाकलेलं. वर हिरव्या कृत्रिम गवताच्या पट्ट्या अंथरल्यात. वाकून हात लावा. खरखरीत आहे ना? खालून गारवा येतो आणि वरून दिव्यांची धग. भोवती फळ्यांचा कठडा, त्यावर जाड पारदर्शक काच. काही खुर्च्या रिकाम्या आहेत, पण छप्पर आवाज बाहेर जाऊच देत नाही.

अचानक दिवे जातात. छातीत ढोल वाजल्यासारखं संगीत सुरू होतं आणि निवेदक ताणून ताणून एकेक नाव पुकारतो. प्रकाशझोतात न्यूयॉर्क ॲरोज संघ धावत येतो. या मेजर इंडोअर सॉकर लीगची आजवरची दोन्ही विजेतेपदं यांनीच जिंकलीत. सगळ्यात मोठी आरोळी उठते ती स्टीव्ह झुंगुलसाठी. घरचं नाव स्लाविशा, जन्म युगोस्लाव्हियातला. इथले लोक त्याला ‘लॉर्ड ऑफ ऑल इंडोअर्स’ म्हणतात.

आता कठडा ओलांडा. हो, तुम्हीच! बाकावर सरका, आज तुम्ही त्याच्या शेजारी बसणार आहात.

एका बाजूला सहा जण, गोलरक्षक धरून. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. चेंडू लाल-केशरी, टीव्हीवरही ठसठशीत दिसेल असा. बदली खेळाडू पाठवायला खेळ थांबत नाही. एक जण धापा टाकत परततो, दुसरा कठड्यावरून उडी मारून आत जातो. तुमची पाळी आली, पळा! दीड-दोन मिनिटांत घसा कोरडा पडतो आणि मांड्या पेटतात. कुणीतरी खांद्याने ढकलतं, तुम्ही फळीवर आदळता, काच थरथरते, मागची पोरं दोन्ही हातांनी ती बडवतात. घसरलात तर गुडघ्याची साल त्या गालिच्यावरच राहील. सामन्यानंतर गरम पाणी त्या जखमेवर पडलं की काय होतं, ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे.

आणि झुंगुल? तो तुमच्यासारखा ऊर फुटेस्तोवर पळत नाही. गोलासमोर तरंगल्यासारखा फिरतो, बचावपटूच्या पाठीमागे अर्धं पाऊल सरकून थांबतो. सहकाऱ्याने चेंडू फळीवर हाणला, तुमची नजर चेंडूमागे गेली. त्याची नजर चेंडू जिथे परतणार त्या जागेवर होती. कॅरममध्ये सोंगटीआधी कड वाचणारा एखादा असतो, तसा हा फळी वाचतो. पायाचा हलकासा स्पर्श, जाळं हललं, भोंगा कोकलला. या मोसमात 40 सामन्यांत त्याचे 108 गोल होतील, आणि कारकीर्द संपेल तेव्हा या लीगमधला आकडा 652 वर असेल. पण आकडे नंतर कधीही वाचता येतील. आत्ता त्याचे पाय बघा, घोट्यातून किती उशिरा वळतात ते.

सामना संपला, ड्रेसिंग रूममध्ये या. मलमाचा झणझणीत वास, ओले टॉवेल, वाफ. प्रशिक्षक डॉन पोपोविच युगोस्लाव्हियाचे. 19 वर्षांचा ब्रांको शेगोटा रिएकात जन्मलेला, कॅनडात वाढलेला. गोलरक्षक शेप मेसिंग इथलाच, न्यूयॉर्कचा. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी या खोलीत ॲड्रियाटिकच्या काठाची बोली ऐकू येते.

झुंगुलही त्याच काठावरून आला, हायडुक स्प्लिट या मोठ्या क्लबातून. हिवाळी सुट्टीत तो अमेरिकेला आला आणि राहिला. लष्करी सेवा बाकी होती, क्लबने सोडपत्र दिलं नाही, म्हणून फिफाच्या छत्राखालचं प्रत्येक मैदान त्याला बंद झालं. ही लीग त्या छत्राबाहेरची. एका अव्वल स्ट्रायकरला ऐन उमेदीत जगभरच्या गवतावर पाऊल ठेवता येऊ नये, हे मला आजही लागतं. त्याची पंचविशी-तिशी या फळ्यांच्या आत गेली, आणि तिथे त्याने जे केलं त्याला दुय्यम म्हणायला मी तयार नाही.

चला, आणखी एक उडी. 1984, कॅलिफोर्निया, सॅन होजेचं स्पार्टन स्टेडियम. जॅकेट काढा, ऊन आहे! मानेवर घाम येतोय, आणि नाकात खऱ्या, कापलेल्या गवताचा ओला वास. आदल्या वर्षी त्याच्यावरची बंदी उठली. आता तो गोल्डन बे अर्थक्वेक्सकडून उघड्या आभाळाखाली खेळतोय. इथे फळी नाही, चेंडू रेषेबाहेर गेला की गेला. तरीही तोच अर्धं पाऊल सरकून थांबणारा माणूस, तोच हलका स्पर्श. या मोसमात तो 20 गोल करणार आहे आणि नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरणार आहे.

तुमच्या पुढच्या रांगेतला एक मुलगा बापाची बाही ओढून विचारतोय, हा इतकी वर्षं होता कुठे? बापाला काही सुचत नाहीये. तुम्ही पाहून आलात, सांगा त्याला.