मागाहून आखलेला बेत

दुष्टाच्या पाडावाची तजवीज वर्षानुवर्षे आधी करून ठेवणारा वृद्ध मार्गदर्शक अद्भुतकथांत आज रूढ झाला असला, तरी त्याचा सर्वांत नामांकित नमुना, म्हणजे जे. आर. आर. टोल्किन यांचा जादूगार गँडाल्फ, मुळात इतका दूरदर्शी नव्हता. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द हॉबिट' या बालकथेत तो तेरा बुटके आणि बिल्बो नावाचा हॉबिट (माणसाच्या निम्म्या उंचीच्या, बिळवजा घरांत राहणाऱ्या जमातीतील एक सुखवस्तू गृहस्थ) यांना स्मॉग या ड्रॅगनने बळकावलेल्या खजिन्याच्या मोहिमेवर धाडतो आणि ऐन अडचणीत एका मांत्रिकाचा बंदोबस्त करण्यासाठी निघून जातो. हा मांत्रिक गँडाल्फला कथेतून दूर नेण्यापुरताच योजला होता, असे टोल्किन यांनी पुढे एका पत्रात सांगितले.

१९५४-५५ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन खंडांत निघाले, तेव्हा हाच मांत्रिक महाखल सॉरॉन ठरला आणि बिल्बोला गुहेत सापडलेली अंगठी त्याच्या सामर्थ्याचे मूळ ठरली. त्यासाठी जुन्या कथेतील गुहेचे प्रकरण १९५१ च्या आवृत्तीत बदलून घेणे भाग पडले होते. खजिन्याची मोहीमही मग युद्धनीतीचा भाग बनली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टांसाठी लिहिलेल्या, पण लेखकाच्या मृत्यूनंतर १९८० साली सविस्तर छापल्या गेलेल्या हकिगतीत गँडाल्फला धास्ती आहे ती सॉरॉन उत्तरेत ड्रॅगनला हाताशी धरील याची. म्हणून उघड लढाईची भाषा करणाऱ्या थॉरिन या बुटक्यांच्या नायकाची समजूत घालून तो गुपचूप शिरकाव करणारा हॉबिट त्याच्या गळ्यात मारतो, आणि त्या निवडीचे एक कारण असे की हॉबिटाचा वास स्मॉगच्या ओळखीचा नाही. हा तपशील फार चतुर आहे, कारण मूळ बालकथेत स्मॉग त्या वासाने बुचकळ्यात पडतोच. घडून गेलेल्या गमतीला लेखकाने हेतू चिकटवला.

अंगठी मात्र या नव्या हकिगतीतही बेताबाहेरच राहिली. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकातही राक्षस या अमात्याची मुद्रा, म्हणजे नाममुद्रेची अंगठी, चाणक्याच्या हाती योगायोगानेच पडते, पण तो पहिल्याच अंकात तिच्या आधारे पुढचा सारा व्यूह रचतो. गँडाल्फला आपल्या अंगठीची ओळख अग्निपरीक्षेने पटवून घ्यायला कथेतील कालगणनेनुसार सत्त्याहत्तर वर्षे लागतात.