एका दमात किती?

मण्यार साप बहुधा रात्री चावतो, जमिनीवर झोपलेल्याला. सूज नसते, दुखणंही नावापुरतं. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप विषाने तोडलेला असतो. फुप्फुसं धडधाकट, पण हवा आत ओढणारं श्वासपटल ढिलं पडत जातं. बोटाला लावलेलं ऑक्सिजनमापक यंत्र तोवर चांगलाच आकडा दाखवत असतं. अशा वेळी डॉक्टर सांगतात, ‘खोल श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा.’

श्वासाच्या स्नायूंचा जोर मोजण्याची ही धडपड जुनी आहे. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सनने पाण्यावर तोललेल्या पिंपात माणसाचा श्वास मोजला; पण ती झाली हवा, ताकद नव्हे. पुढे ताकदीसाठी अन्ननलिकेत फुगा सरकवायला लागले. अत्यवस्थ माणसाला ते कसं सोसावं? १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ब्लॅक आणि हायट यांनी तोंडात धरायची नळी आणि दाबमापक एवढ्यावर काम भागवलं. नळीला बारीकसं छिद्र ठेवलं, म्हणजे गालांनी चोखून खोटा दाब दाखवता येत नाही. मला या साऱ्या वाटचालीत ते छिद्रच सर्वांत हुशारीचं वाटतं. १९९० च्या दशकात नाकपुडीतून जोरात हुंगून दाब मोजायची रीत आली.

यंत्राशिवाय दमाची परीक्षा वऱ्हाडाला ठाऊक होतीच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्या खेळात दम तुटला की गडी बाद. दवाखान्यातली चाचणी तिथून आली असं मी म्हणत नाही.

पण मेळघाटातल्या धारणीत उपयोगी पडेल ती एका दमात आकडे म्हणायची ही बिनयंत्राची चाचणी. सर्पदंशाच्या राष्ट्रीय उपचारसूत्रांत ती आहे: एका उच्छ्वासात ३० च्या वर आकडे म्हणता येणं ठीक, श्वास ४५ सेकंदांहून जास्त रोखता येणं ठीक. मोजणी तिथल्या कोरकू भाषेत झाली तरी चालते, मात्र वेग दर वेळी सारखा हवा. मूल असेल तर रडणं खणखणीत आहे की घोगरं, ते ऐकायचं.

एकदाच मोजून उपयोग नाही. २८ वरून १५ वर आलेला माणूस हसत बोलत असला तरी धोक्यात आहे. धारणीहून सेमाडोह, परतवाडामार्गे अमरावती सुमारे १५० किलोमीटर, त्यात घाट. म्हणून रेफरच्या चिठ्ठीवर प्रत्येक आकडा वेळेसह लिहिलेला हवा, आणि गाडीत अंबूबॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, चालवता येणारा माणूस सोबत हवा.