किरणांच्या झोताखालून आलेला माल किरणोत्सारी होतो का?

इंदूरच्या चोइथराम मंडीत राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचं विकिरण केंद्र आहे. तिथे मालावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. म्हणून 'माल किरणोत्सारी होतो' ही भीती. पण ती चुकीची आहे.

झोतामुळे जंतूंच्या डीएनएमधले बंध तुटतात, ते मरतात. ही रासायनिक क्रिया. लाकूड जळतं तशी; अणूंची जुळणी बदलते, केंद्रक शाबूत राहतं. अणुभट्टीत युरेनियमचं केंद्रकच फुटतं, नवी मूलद्रव्यं बनतात. एका बंधाची ऊर्जा काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एका विखंडनाची सुमारे २० कोटी.

केंद्रकाला धक्का लागू नये म्हणूनच अन्नासाठी झोताची कमाल मर्यादा जगभर १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठेवली आहे. यंत्र बंद केलं की झोत संपतो. मालात किरणोत्सार उरत नाही.